बरणीचा गळा

भिंगरीला थांबायला शिकवण्यात जेवढी पितळी बटणं खर्ची पडली, तेवढ्यात अख्ख्या बँडपथकाचे कोट सजले असते. हा हिशेब मास्तरांच्या दुकानात काजं करणाऱ्या मावशींचा. मावशींनी जन्मभर बटणांखेरीज दुसरं काही मोजलेलं नाही, तेव्हा आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. बाकी त्या बोलतात त्यातलं निम्मं सोडून द्यावं. कुठलं निम्मं, ते मात्र ज्याचं त्यानं ठरवावं.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. आईनं हौसेनं ठेवलेलं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं, आणि दाखला शाळेतच राहिला. अंगात पारा भरल्यासारखी मुलगी. बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत हिचं उत्तर तयार, आणि तेही बहुधा दुसऱ्याच कुठल्यातरी प्रश्नाचं. दूध उतू जायला लागलं की नुसत्या हातानं पातेलं उतरवणार, आणि मग चिमटा शोधणार. एकदा आरशासमोर बसल्या बसल्या 'बघू तर कसं दिसतं' म्हणून डाव्या बाजूची वेणी कापली. मग उजवीचं काय करावं, याचा विचार करत बसली. तिनं विचार केल्याचा तो पहिलाच दाखला म्हणायचा, पण आईला त्याचं कौतुक वाटलं नाही.

आठवीच्या वर्गात दोनदा बसून झालं. वडील घरात असून नसल्यासारखे. शेवटी आईनं एक दिवस तिला हाताला धरून भावाकडे आणलं. भाऊ म्हणजे मास्तर, पुरुषांचे कोट शिवणारे. त्यांना मूलबाळ नव्हतं, बायको लवकर गेलेली, आणि दुकानाच्या माडीवर दोन खोल्या रिकाम्याच होत्या.

"दादा, हिचे हात फार चांगले आहेत," आई म्हणाली.

मामांनी भाचीचे हात उलटसुलट करून पाहिले. "हात चांगलेच आहेत गं. पण हिच्या ताब्यात आहेत का?"

दुकान म्हणजे एक लांबट खोली. रस्त्याच्या बाजूला काच, काचेमागे एक बिनडोक्याचा पुतळा अर्धवट कोट घालून उभा. मागच्या भिंतीशी दोन मशीनं आणि इस्त्री. खिडकीपाशी मावशींची खुर्ची, कारण काजाला उजेड लागतो आणि मावशींना रस्ता दिसावा लागतो. मधोमध कापायचं टेबल, माणूस आडवा झोपेल एवढं. आणि टेबलाजवळच्या भिंतीला, खिळ्यावर, मोठी कात्री. काळ्या मुठीची, वजनदार. मूठ अंगठ्याच्या जागी झिजून अंगठ्याच्याच आकाराची झालेली. मामांना ती त्यांच्या उस्तादांनी दिली होती. दुकानात शिवणारे येत-जात. पण ज्याच्या हातात ती कात्री, ते टेबल त्याचं आणि दुकानही त्याचं.

भिंगरीची नजर पहिल्याच दिवशी कात्रीवर गेली. नजर गेली म्हणजे हातही गेला. मामांनी तो हवेतच धरला.

"शिवण चुकली तर उसवता येते, पोरी. कापलेलं उसवता येत नाही. म्हणून आधी म्हणायचं, 'थांब'. मोठ्यानं. मग डावा पंजा कापडावर ठेवायचा आणि तीन गोष्टी बघायच्या. सुलटी बाजू कुठली, माप किती, आणि याची जोडीची बाजू कुठून निघणार. तिन्ही बघून झाल्या की म्हणायचं, 'चल'. आणि मगच कापायचं. म्हण बघू."

"थांबचल," भिंगरी म्हणाली.

मावशी खिडकीतून खुसखुसल्या. "मास्तर, मधे श्वास घ्यायचा असतो, हेही सांगा."

तिसऱ्याच आठवड्यात तिनं एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय चार बोटं आखूड कापला. साध्या कात्रीनंच, पण कापला. मामांनी नवं कापड आपल्या पदरचं घातलं आणि भाचीला सुधारायला घेतलं. सुरुवात केली ती काढून घेण्यापासून. एक चूक झाली की चार वाजताची रेडिओवरची गाणी बंद. दुसरी झाली की खिडकीजवळचं स्टूल गेलं. तिसरीला रविवारचा सिनेमा. मामांचा आपला साधा हिशेब, की माणूस जे जातं त्याला जपतो. मामा पन्नाशीचे होते, त्यामुळे त्यांना ते खरं वाटे. भिंगरी चौदाची होती. जे गेलं ते गेलं, तिच्या दृष्टीनं विषय संपला. उलट गेल्याचा राग कात्रीत उतरे. गाणी गेली त्या दिवशी दोन चुका, सिनेमा गेला त्या दिवशी तीन.

"मास्तर," मावशी म्हणाल्या, "आता हिच्याकडून काढून घेण्यासारखं नाक तेवढं उरलंय. तेही नेऊ नका, राग कुठे ठेवील बिचारी?"

मग एक दिवस नवल घडलं. भिंगरी एका बाहीला कात्री लावत होती. 'थांब' म्हणाली ते सवयीनं, पंजा ठेवला तोही सवयीनंच. पण पंज्याला कापड खरखरीत लागलं. ती थांबली. खरोखरच थांबली. कापड उचलून पाहते तर उलटी बाजू वर. मामा बाजूलाच उभे होते, जुन्या बटणांच्या पोत्यात हात घालून काहीतरी शोधत. एका हॉटेलच्या दरवानांच्या गणवेशांचं काम फिसकटलं होतं, तेव्हापासून ते पोतं दुकानात पडून होतं. मामांनी हातात आलं ते बटण काढलं आणि तिच्या पुढ्यात ठेवलं.

दिवसभर ते बटण तिच्या खिशात होतं आणि तिचा हात बटणावर. दुसऱ्या दिवशी ती दोनदा थांबली. तिसऱ्या दिवशी चारदा, त्यातली दोन खोटी. मामा कपड्यांपुरते का होईना, पण माणसं ओळखत. त्यांनी माडीवरून काचेची एक बरणी आणली. पोट मोठं, गळा अरुंद.

"ऐक. चूक कापायच्या आधी पकडलीस, की एक बटण. खोटं थांबलीस तर काही नाही. ही बरणी गळ्यापर्यंत भरली, की ती कात्री तुझी."

"टेबल?"

"कात्री ज्याची त्याचं टेबल."

"दुकान?"

"आधी बरणी भर," मामा म्हणाले.

त्यानंतरची पाच वर्षं गल्लीनं पाहिली आहेत. ज्या मुलीला शाळा, आई, मार, उपास, कशानंही आवरता आलं नव्हतं, तिला एका पितळी बटणानं आवरलं. बटण पडल्याचा टणकन आवाज व्हायचा आणि हिच्या चेहऱ्यावर दिवा लागायचा. घाई तशीच राहिली, पण ती आता थांबण्याची घाई झाली. हळूहळू गल्लीत तिचं नावच 'थांब' पडलं. 'थांब आली का?' 'थांब गेली का?' जेवताना घास उचलून क्षणभर पंजा ताटावर टेकवायची म्हणे. मावशी म्हणायच्या, "अगं, भाताला उलटी-सुलटी बाजू नसते. गीळ."

आणि कापायला लागली ती अशी, की गिऱ्हाइकं मामांना बाजूला घेऊन विचारायची, "मास्तर, माझा कोट भाचीनं कापला तर चालेल ना?" मामा हसून "चालेल की" म्हणायचे. हसू थोडं उशिरा यायचं.

एकोणिसावं लागलं त्या वर्षी बरणी भरली. भिंगरी त्या सकाळी न्हाऊन, केस घट्ट बांधून खाली आली. शेवटचं बटण तिनं गळ्यातून सोडलं. ते आत पडलं नाही, वरच राहिलं, कारण जागाच नव्हती. मावशींनी सुई खाली ठेवली. मामांनी बरणी उचलली, उजेडात धरली, फिरवून पाहिली. मग भिंतीवरच्या कात्रीकडे बघितलं. कात्री देणं म्हणजे स्वतः टेबलावरून उठणं, हे त्यांना त्या क्षणापर्यंत सुचलं नसावं. किंवा सुचलं असेल, पण बरणी इतक्यात भरेल असं वाटलं नसेल.

"भरली खरी," ते म्हणाले. "आता भरलेली राहते का, ते बघू. एक वर्ष. आता नवीन बटण नाही. चूक झाली की एक बाहेर. आणि बाहेर आलं की ते परत आत टाकून वर्ष पहिल्यापासून."

"आधी असं नव्हतं ठरलं, मामा."

"मिळवणं वेगळं आणि राखणं वेगळं, पोरी. मला राखणारं माणूस हवंय." मग थोडं थांबून त्यांनी आणखी एक कलम जोडलं. "आणि मोठी कात्री चालू असताना कुणी बोलायचं नाही. बोललीस तर पाच बाहेर." त्यांच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक नव्हतं. तरुणपणी ते कापत असताना कुणीतरी मागून हाक मारली होती, त्याची ती निशाणी. तेव्हा या कलमाला कुणी हसलं नाही.

आता गंमत बघा. चौदाव्या वर्षी जी मुलगी काढून घेतल्यानं बिघडायची, ती विशीत आल्यावर काढून घेण्याच्या नुसत्या भीतीनं सरळ झाली. सरळ म्हणजे अगदी पट्टीसारखी. पहिलं वर्ष सातव्या महिन्यात मोडलं. खडूची एक खूण चुकली, एक बटण बाहेर. पाच वर्षांत शेकडो बटणं मिळाल्याचा जो आनंद झाला होता, तो त्या एका बटणानं धुऊन नेला. ती रडली नाही. चार दिवस जेवली नाही. पाचव्या दिवसापासून एका कापाला चारदा 'थांब' म्हणायला लागली.

खोटं थांबल्याला दंड नव्हता, हे तिच्या लक्षात आलं होतं. दंड होता तो फक्त चालल्याला.

एका कोटाला दोन दिवस लागायचे तिथे चार लागू लागले. मामा म्हणत, "बघा, कशी निगुतीनं करते." मावशी म्हणत, "निगुतीनं कसली, पोरीच्या हाताला लकवा मारलाय तुम्ही." पण मावशींचं निम्मं सोडून द्यायचं, हे मामांनाही माहीत होतं.

याच दिवसांत अस्तरवाला येऊ लागला. अस्तरांच्या नमुन्यांची जाड वही घेऊन महिन्यातून एकदा दुकानं फिरणारा एक उंच, बडबड्या माणूस. पहिल्यांदा मामांशी बोलायचा, मग मावशींशी, मग हळूहळू दोघांशी न बोलता टेबलाच्या दुसऱ्या टोकाशी उभा राहायचा.

"हा रंग कसा वाटतो?" तो विचारी.

"कशासाठी?"

"नुसता. डोळ्यांना."

मावशींचं काज त्या दिवशी वाकडं व्हायचं, ऐकण्याच्या नादात.

एके दिवशी त्यानं वही उघडलीच नाही. "मी दुसऱ्या गावी स्वतःचं दुकान टाकतोय. कापणारं माणूस पाहिजे," तो म्हणाला. "म्हणजे, नुसतं कापण्यापुरतंच नकोय."

भिंगरीचे कान लाल झाले. "थांबाल थोडे दिवस?"

"किती?"

"पाच महिने. पाच महिन्यांत माझं वर्ष भरतंय."

त्याला वर्षाची भानगड मावशींनी आधीच सांगितली होती, पदरची भर घालून. तो थांबला. चार महिने दर महिन्याला आला. आणि चौथ्या महिन्यात, दुकानात त्याचा आवाज ऐकून, भिंगरीनं एका बाहीचं माप दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या पानावरून घेतलं. कापायच्या आधी नव्हे, कापल्यावर लक्षात आलं. बटण बाहेर. वर्ष पहिल्यापासून.

"अजून एक वर्ष," ती त्याला म्हणाली.

त्यानं बरणीकडे पाहिलं. "तुला 'थांब'च्या पुढचा शब्द शिकवलाय का कुणी?"

"शिकवलाय. 'चल'."

"मग म्हण की."

तिचा डावा पंजा आपोआप टेबलावर टेकला. खाली कापड नव्हतं तरी टेकला. आणि ती बघायला लागली. सुलटी बाजू कुठली, माप किती, याची जोडीची बाजू कुठून निघणार. तिचं तिन्ही बघून होईतो त्यानं वही बगलेत मारली होती.

"मास्तर, येतो," तो म्हणाला. पुढल्या महिन्यापासून अस्तरं घेऊन दुसराच कुणी यायला लागला. म्हातारा आणि घुमा. मावशींनी त्याच्याशी बोलायचा प्रयत्न करून पाहिला आणि सोडून दिला.

आता भिंगरीपुढे एकच गोष्ट उरली होती. जे त्या कात्रीपायी गेलं, ते गेल्याचं काही सार्थक व्हायला हवं असेल, तर कात्री मिळायलाच हवी होती. वर्ष सरकत गेलं. दहा महिने. अकरा. बरणी गळ्यापर्यंत भरलेली. अकरा दिवस उरले असताना पोस्टातल्या बाई आल्या.

बाईंनी पिशवीतून एक कापड काढलं आणि दुकानभर डांबरगोळ्यांचा वास पसरला. गडद राखाडी लोकर, एका बाजूनं तुळतुळीत, दुसऱ्या बाजूनं खरबरीत. बाईंच्या नवऱ्यानं कोटासाठी म्हणून घेतलेलं. कोट शिवायच्या आधी तो गेला, कापड ट्रंकेत राहिलं. आता मुलाला पहिली नोकरी लागली होती, आणि मुलगा खांद्यानं थेट बापावर गेला होता. मुलगा मागे उभा राहून पुतळ्याकडे बघत होता. आईनं सगळी हकिगत सांगितल्याच्या संकोचानं तो स्वतःच पुतळा व्हायला तयार दिसत होता.

"असं कापड आता मिळत नाही म्हणतात," बाई म्हणाल्या.

"नाही मिळत," मामांनी बोटांत धरून सांगितलं. एक कोपरा कसरीनं खाल्ला होता. तेवढा सोडला तर कापड जेमतेम पुरत होतं. एक वीत इकडची तिकडे झाली तर नाही. "मी स्वतः कापतो. निश्चिंत राहा."

कोटाच्या पुढच्या दोन बाजू एरवी कापडाची घडी घालून एकदम कापतात, म्हणजे डावी-उजवी आपोआप निघते. इथे कापड कमी, म्हणून एकेरी पसरून कापायचं. कागदाचा फर्मा ठेवून एक बाजू आखायची, मग फर्मा पालथा घालून दुसरी. पालथा घालायला विसरलं तर दोन्ही डाव्या निघतात, आणि दोन डाव्या बाजूंचा कोट घालणारं माणूस अजून जन्मायचं आहे.

दुपारची वेळ. बाहेर ऊन लख्ख, टेबलावर उजेड भरपूर. मामांनी मोठी कात्री खिळ्यावरून काढली. भिंगरी टेबलाच्या पलीकडे, कापडाचा काठ ताणून धरून. मागच्या फळीवर, मामांच्या डोक्याच्या बरोबर वर, बरणी.

पहिली बाजू कापून झाली. सुरेख. मामांनी फर्मा उचलला, सरकवला आणि पुन्हा ठेवला. तसाच. पालथा न घालता.

भिंगरीला दिसलं. तिला वाटलं, आता फिरवतील. मामांनी भोवतीनं खडू फिरवला. तिला वाटलं, आखताना कळेल. मग मामा नेहमीसारखे म्हणाले, "थांब." पंजा ठेवला. मान वाकवून तिन्ही गोष्टी पाहिल्या. पाहिल्या, दिसल्या नाहीत. गेले वर्षभर ते सुई ओवायला मावशींकडे देत होते, वर्तमानपत्र खिडकीत नेऊन वाचत होते, आणि विचारलं तर 'चष्म्याचा नंबर' म्हणत होते. भिंगरीला हे सगळं त्याच क्षणी, एकदम, लख्ख कळलं.

"चल," मामा म्हणाले, आणि कात्रीनं तोंड उघडलं.

एक शब्द. जो दिवसातून शंभरदा तिच्या तोंडून निघे, ज्यानं तिचं नाव खाऊन टाकलं होतं, तोच. तो छातीतून निघाला आणि गळ्याशी आला. मोठी कात्री चालू असताना बोललं की पाच. पाच बाहेर म्हणजे वर्ष पहिल्यापासून, आणि अस्तरवाला फुकट गेला. शब्द गळ्याशी आला आणि बरणीतल्या शेवटच्या बटणासारखा तिथेच राहिला. कात्री खालच्या काठापासून वर गेली, बगलेचा गोल सावकाश वळली, खांद्याशी पोचली. मामांचा हात अजिबात थरथरला नाही. काप इतका स्वच्छ होता की दुसऱ्या कुठल्याही कापडावर त्याचं कौतुक करावं.

त्यांनी दोन्ही बाजू समोरासमोर ठेवल्या, तेव्हा हाताला कळलं. एकीची तुळतुळीत बाजू वर घेतली की दुसरीची खरबरीत वर येत होती. त्यांनी पुन्हा उलटून पाहिली. पुन्हा. मावशी सुई तशीच हातात घेऊन खुर्चीतून उठून आल्या.

"तू समोर होतीस," मामा म्हणाले. "तुला दिसलं होतं का?"

"नाही," भिंगरी म्हणाली.

बाई आल्या तेव्हा मामांनी काही लपवलं नाही. दुसरं कापड घालतो म्हणाले, शिलाई नको म्हणाले. बाईंनी दोन्ही तुकडे हातात घेतले, एकावर एक ठेवले आणि परत टेबलावर ठेवले.

"राहू दे, आई," मुलगा म्हणाला. "मी तयार घेईन एखादा."

"मग हे नेऊन मी काय करू?" बाईंनी कुणालाच न विचारल्यासारखं विचारलं, आणि पिशवीची घडी घालून त्या निघून गेल्या.

मामांनी त्यानंतर कात्रीला हात लावला नाही. अकरा दिवसांनी सकाळी त्यांनी ती खिळ्यावरून काढून भिंगरीच्या हातात दिली. "बरणी भरलेली आहे," ते म्हणाले. "दिला शब्द तो दिला." भिंगरीनं मुठीत अंगठा घातला. मूठ मामांच्या अंगठ्याची होती. तिचा अंगठा बसायला बरीच वर्षं लागली.

आणि त्या दोन तुकड्यांची मावशींनी एक उशी करून टाकली. एक बाजू तुळतुळीत, एक खरबरीत, आत चिंध्या. "कोट नाही झाला तर नाही," म्हणाल्या, "बसायला काय, दोन डावे चालतात." मामांच्या स्टुलावर ती उशी पडली. मामा तिच्यावर बसतात. आता त्यांना फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळतं, पण खाली उतरायचं सोडत नाहीत.

भिंगरी आता तेहेतिसची आहे. टेबल तिचं, दुकान तिचं. काम उत्तम, एवढं उत्तम की गिऱ्हाइकं कमी झाली आहेत; एका कोटासाठी दोन महिने कोण थांबतं? लग्नाची विचारणा करायला गल्लीतलं कुणी येत नाही. 'थांब'ला काय विचारायचं, उत्तर नावातच आहे, असा विनोद आहे. तो तिलाही ठाऊक आहे.

परवा दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मावशी खुर्चीत पेंगत होत्या. मामा उशीवर, तोंड रस्त्याकडे करून. भिंगरीनं फळीवरून बरणी उतरवली. किती दिवस मनात होतं कोण जाणे. गळ्यात दोन बोटं घालून तिनं एक बटण काढलं आणि शक्य तेवढा आवाज न करता टेबलावर ठेवलं. मग दुसरं. तिसरं. चौथं ठेवून ती थांबली.

"पाचवं राहिलं," मामा म्हणाले. मान वळवली नाही.

भिंगरीचा हात बरणीवर तसाच राहिला.

"आता काढून काय उपयोग? तेव्हा काढली असतीस, तर त्या पोराच्या अंगावर बापाचा कोट असता."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"त्याच दिवसापासून. मला कुठे दिसत होतं, पोरी? वर्षभर मी तुझ्या भरवशावर कापत होतो. चुकलो तर तू बोलशील. तू गप्प होतीस, म्हणून मी 'चल' म्हटलं."

"बोललं की पाच, हे तुम्हीच ठरवलं होतं, मामा."

उशीच्या कडेवरून मामांचं आखूड बोट फिरत होतं. "हो," ते म्हणाले. "मीच ठरवलं होतं."

मावशींचे डोळे मिटलेले होते. पण घोरणं बंद होतं, हे दोघांच्याही ध्यानात आलं असणार.

तेवढ्यात दार वाजलं. सकाळी माप दिलेलं गिऱ्हाईक, आपलं कापड कापलं जाताना बघायची हौस म्हणून आलेलं. भिंगरीनं चारही बटणं मुठीत घेतली आणि एकेक करून परत बरणीत सोडली. चौथं गळ्याशी अडलं. तिनं ते बोटानं दाबलं. बरणी फळीवर गेली. कापड पसरलं, कात्री उतरली.

"थांब," ती म्हणाली. पंजा ठेवला. सुलटी बाजू बघितली. माप बघितलं. जोडीची बाजू बघितली. मग सुलटी बाजू पुन्हा बघितली. मामा स्टुलावर मान तिरकी करून पुढच्या शब्दाची वाट बघत होते. गिऱ्हाईक एका पायावरून दुसऱ्या पायावर झालं.

"काही चुकलंय का?" त्यानं विचारलं.

"नाही," भिंगरी म्हणाली.